तासगाव-पलूसची द्राक्षट्रिप: कधी यायचं, काय खायचं आणि वाइन कुठं बसवायची

दर जानेवारीत पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी पाहुण्याचा फोन येतोच, की अरे तुमच्याकडं एवढी द्राक्षं आहेत तर नाशिकसारखी वाइन ट्रिप होईल का. होते की. पण नाशिकचा प्लॅन जसाच्या तसा उचलून इथं आणला तर रविवारी भर दुपारी पलूसच्या एमआयडीसीत वाइनरीच्या बंद गेटसमोर गाडी लावून भडंग खात बसायची वेळ येते, आणि हे मी स्वतः केलंय, दाजी आणि त्यांचे दोन मित्र बरोबर असताना, त्यामुळं घरात अजून टोमणे खातोय.

आपल्या सांगली जिल्ह्यातली द्राक्षं मुख्यतः खायला जातात नाहीतर बेदाण्याला, वाइनकडं जाणारा माल त्यामानानं थोडा. २००१ साली राज्यानं वाइनचं धोरण आणलं तेव्हा दोन वाइन पार्क, म्हणजे वाइनरींसाठीच्या औद्योगिक वसाहती, ठरले, एक नाशिककडं विंचूरला आणि दुसरा आपल्या पलूसला. विंचूरकडं पुढं पर्यटन वाढलं, पलूसला तसं झालं नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की बाग, बेदाणा आणि जेवण हे धरून ट्रिप आखा, वाइनला त्यात अर्धा दिवस आणि दोन संध्याकाळी द्या.

तारीख आधी ठरवा, हॉटेल नंतर. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा तिसरा, यातच या. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते, तेव्हापासून माल यायला साधारण चार-साडेचार महिने लागतात. त्याआधी आलात तर हिरवे आंबट मणी बघाल आणि फवारणीचा वास घ्याल. एप्रिलमध्ये खरडछाटणी सुरू झाली की बागेत नुसती खोडं आणि तारा राहतात, आणि ऊन असं की माणसाचाच बेदाणा होईल. दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणणाऱ्यांना मी सरळ नको म्हणतो. तेव्हा बागायतदार डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या, टेन्शनमध्ये असतो, आभाळ आलं की रात्री-बेरात्री ट्रॅक्टर काढून फवारणी चालते, तुम्हाला चहा द्यायलासुद्धा घरात कोण नसतं.

बाग बघायला तासगाव भाग सगळ्यात सोपा, सांगलीपासून पंचवीसेक किलोमीटर. मणेराजुरी, सावळज, बोरगाव, कुठंही गाडी वळवली तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूला बागाच. ओळखीचं कुणी नसेल तर ज्या हॉटेलात उतरणार त्यांनाच विचारा, प्रत्येकाचा कोणतरी मेव्हणा बागायतदार असतोच इथं. सकाळी सात-साडेसातला पोचा कारण तोडणी थंड वेळेतच उरकतात, दहानंतर बायकांच्या टोळ्या सावलीत पॅकिंगला बसतात. आणि एक गोष्ट पोरांना गाडीतच बजावून ठेवा, घडाला हात लावायचा नाही. मण्यावर जी पांढुरकी लव दिसते ती औषध नाही, द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे, बोट फिरलं की पुसली जाते आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. खायचं असेल तर मागून खा, कारण फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे फक्त मालकाला माहीत असतं. मागितलं की नाही म्हणणारा बागायतदार मी अजून बघितला नाही, उलट पिशवी भरून देतात.

माझा मामा पाहुण्यांना नेहमी एक खेळ दाखवतो. खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढतो, वीतभर लांबीची नळी असते, तिच्या काचेवर एक मणी चिरडून दोन थेंब टाकतो, झाकण दाबतो आणि उजेडाकडं धरून बघा म्हणतो. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात, त्यांची रेघ ज्या आकड्यावर येते तो ब्रिक्स, म्हणजे साखर. खायच्या मालाला अठराच्या आसपास आला की कात्री लागते, बेदाण्याला बावीसच्या वर जाऊ देतात. वाइनच्या द्राक्षालासुद्धा बावीस-चोवीस लागते, कारण यीस्ट तीच साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. तुम्ही जाल त्या बागमालकाकडं असेल तर हे आवर्जून बघा, नंतर वाइनरीत गाइड ब्रिक्स-ब्रिक्स करायला लागला की तुम्हाला निदान मान डोलवता येते.

बेदाणा शेडला दुपार द्या. इथले लोक रोज बघतात म्हणून त्यांना काय वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला ट्रिपमधलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं. घड आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, त्यानं मेणाचा थर फुटतो आणि मण्यातलं पाणी पटकन बाहेर पडतं. मग जाळीच्या रॅकवर मजल्यावर मजले पसरायचं, वर प्लास्टिक, बाजूला शेडनेट, आत सावली आणि वारा. बारा-पंधरा दिवसात बेदाणा तयार, चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो. तसंच उन्हात टाकलं असतं तर तपकिरी झाला असता, हिरवा राहतो तो या सावलीमुळं. शेडमध्ये शिरलं की गोड-आंबट, जरा तेलकट असा वास येतो, तो संध्याकाळपर्यंत कपड्यात राहतो. तासगावच्या मार्केटात सौदे कुठल्या वारी आहेत ते आदल्या दिवशी विचारून घ्या, जमलं तर बघाच.

तासगावातच आहात तर गणपतीचं देऊळ चुकवू नका. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं, दारात दक्षिणेकडच्यासारखं उंच गोपुर, आपल्याकडं असलं क्वचितच दिसतं.

आता वाइन. पलूसला जायचं तर आधी फोन करा, आणि फोनवर "या की" म्हणाले तरी नीट विचारा की टेस्टिंग आहे का, कुणी फिरवून दाखवणार आहे का, सुट्टीच्या दिवशी उघडं असतं का. मी यातलं एकही विचारलं नव्हतं. व्यवस्थित टूर आणि टेस्टिंग पाहिजेच असेल तर पुण्याहून येताना अकलूजकडची फ्रातेली वाइनरी गाठा, ती सोलापूर जिल्ह्यात येते, भारतीय आणि इटालियन भावांनी मिळून उभी केलेली. तिथं सांजोव्हेसे नावाचं इटलीचं द्राक्ष माळरानावर लावलंय. सकाळी पुणं सोडायचं, दुपारी अकलूज, रात्री उशिरा सांगली. सांगलीहून मुद्दाम जाऊन परत यायचं म्हणजे जाता-येता सात-आठ तास गाडीत, ते मला पटत नाही. गाडी कोण चालवणार हे टेस्टिंगच्या आधी ठरवा, पहिल्या ग्लासानंतर सगळेच चांगले ड्रायव्हर होतात. वय एकवीस पूर्ण पाहिजे, आणि त्या तारखांना ड्राय डे नाही ना हेही बघून ठेवा.

बाटल्या घेतल्या तर गाडीत सोडू नका. मी मार्चमध्ये एक रेड डिकीत ठेवून लग्नाला जेवायला गेलो, परत येऊन बघतो तर कॉर्क अर्धं बोट वर आलेलं आणि चव शिजवलेल्या मनुक्यासारखी. थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ बरोबर ठेवा. रेड रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात ती रूम सांगलीची नव्हे, आपल्याकडं रेडसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडायची.

जेवणाबरोबर काय, यावर माझं मत ऐका. तांबड्या रश्श्याबरोबर जड रेड घेऊ नका, तिखट, अल्कोहोल आणि रेडचा तुरटपणा तिन्ही एकत्र आले की तोंडात वणवा पेटतो. थोडी गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या थंडगार, ती पांढऱ्या रश्श्यालाही चालते आणि भडंगाला तर झकास. हो, भडंग, हसू नका, लसणाचं खारं कुरकुरीत भडंग आणि थंड व्हाइट एकदा करून बघा. मटण सुक्कं असेल, त्यातही जत भागातल्या माडग्याळ मेंढीचं मिळालं तर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी असेल तर त्याला हलकी रेड चालते, शेंगदाण्याच्या कुटानं तुरटपणा गिळला जातो. माझी आत्या म्हणते या जेवणाला ताकच बरं, आणि खरं सांगू, दुपारच्या जेवणाला तिचंच बरोबर आहे. शाकाहारी मंडळी असतील तर एक सकाळ नरसोबाच्या वाडीला न्या, दर्शन आणि बासुंदी, त्या दिवशी वाइनचं नाव काढू नका.

मुक्काम सांगली-मिरजेत करा. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे उतरता येतं, पण पुढं बागांना फिरायला गाडी लागतेच, दिवसभराची ठरवून घ्या.

परत जाताना द्राक्षाची पेटी शेवटच्या दिवशी सकाळीच घ्या, चार किलोची असते, डिकीत नको, मागच्या सीटखाली सावलीत, वरून ओला कपडा टाकू नका, मणी तडकतात. बेदाणा मात्र पहिल्या दिवशी घेतला तरी चालतो, हिरवा, एकसारखा, देठ कमी असलेला बघून घ्या, आणि घरी पोचल्यावर डबा फ्रीजमध्ये, बाहेर ठेवला तर महिन्या-दोन महिन्यात काळवंडतो आणि मग मला फोन करून म्हणता की तुमच्या तासगावच्या माणसानं फसवलं.