एनडीपीएसखाली अटक झाल्यास कागदपत्रे कशी वाचावीत

अंमली पदार्थांच्या प्रकरणात घरातील कोणाला अटक झाली की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न जामिनाचा असतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा जप्ती पंचनाम्यातील वजनाच्या ओळीत दडलेले असते. म्हणून वकील ठरवण्याची धावपळ चालू असतानाच प्रथम माहिती अहवाल, पंचनामा आणि अटकेच्या कारणांचा लेखी तपशील या तीन कागदांच्या प्रती मिळवाव्यात. अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे.

ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ हा केंद्रीय कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. २००१ च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा जप्त मालाच्या प्रमाणाशी जोडल्या. प्रमाण अल्प असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पापेक्षा जास्त पण व्यावसायिक प्रमाणापेक्षा कमी असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि व्यावसायिक प्रमाण असेल तर किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. या शेवटच्या वर्गात गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायाधीशालाही दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही.

ही प्रमाणे पदार्थागणिक वेगळी आहेत. गांजाचे अल्प प्रमाण १ किलो व व्यावसायिक २० किलो आहे. चरसाचे १०० ग्रॅम व १ किलो. हेरॉईनचे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम. कोकेनचे २ ग्रॅम व १०० ग्रॅम. एमडीएमए (एक्स्टसी) या रासायनिक अंमली पदार्थाच्या बाबतीत मात्र अर्ध्या ग्रॅमपर्यंत अल्प आणि १० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. ‘मुलाकडे थोडेसेच सापडले’ असे पालक म्हणतात, तेव्हा त्या थोडक्या वजनाचा कायद्यातील अर्थ पदार्थाच्या नावावरून कसा बदलतो, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते.

वजनाबाबत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली भेसळीची. ३०० ग्रॅम पावडरीत हेरॉईन जेमतेम पाच टक्के निघाले, तरी शुद्ध हेरॉईनचे १५ ग्रॅम धरले जात नाहीत, पूर्ण ३०० ग्रॅम धरले जातात. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच निश्चित केले. दुसरी गोष्ट गांजाची, आणि ही आरोपीच्या बाजूने जाऊ शकते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळे धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात मोडत नाहीत. पंचनाम्यात ‘२२ किलो हिरवी ओलसर झाडे’ असे लिहिले असेल आणि देठ, मुळे, पाने वेगळी न करता सरसकट वजन केले असेल, तर २० किलोची रेषा खरोखर ओलांडली गेली का, हा प्रश्न जामीन अर्जात ठळकपणे मांडावा. वजन पिशवीसह घेतले की पिशवी वगळून, हेही तिथेच पाहावे. भांगेच्या पानांना एनडीपीएस लागू नसला तरी महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली नियंत्रित आहे, त्यामुळे ती मोकळी आहे असे समजू नये.

यानंतर झडतीची पद्धत पाहावी. अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे आरोपीला सांगणे कलम ५० नुसार आवश्यक आहे. विजयसिंह जडेजा प्रकरणात घटनापीठाने २०१० मध्ये या तरतुदीचे काटेकोर पालन अनिवार्य ठरवले. म्हणून कलम ५० चे पत्र नीट वाचावे: ते आरोपीला समजणाऱ्या भाषेत आहे का, त्यात ‘हक्क’ असल्याचे स्पष्ट सांगितले आहे का, आणि दोन आरोपींना मिळून एकच पत्र दिले आहे का. स्त्रीची झडती केवळ स्त्रीनेच घ्यायची असते. मात्र माल अंगावर न सापडता हातातील बॅगेत किंवा गाडीत सापडला असेल, तर हे संरक्षण त्या मालाला लागू होत नाही. अनेक बचाव या एका फरकावर कोसळतात. घराची झडती असेल तर कलम ४२ पाहावे: मिळालेली खबर लेखी नोंदवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे गेली का, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटविना झडती झाली असल्यास त्याची कारणे नोंदवली आहेत का.

मुद्देमालाचे नमुने कलम ५२अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर काढले व प्रमाणित केले जातात. त्याची तारीख जप्तीच्या तारखेशी ताडून पाहावी आणि सीलची वर्णने रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाशी जुळवावीत. येथील त्रुटी खटल्यात उपयोगी पडू शकते, परंतु केवळ तिच्या बळावर जामीन मिळेलच अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे ती वाट अरुंद केली आहे.

ज्याच्याकडे काहीच सापडले नाही, त्याचे नाव अनेकदा कलम २९ खाली, म्हणजे कटात सामील म्हणून, येते. अशा वेळी आरोप कशावर उभा आहे ते शोधावे. तुफान सिंग प्रकरणातील २०२० च्या निकालानुसार कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही. सहआरोपीच्या जबाबाखेरीज बँकेचे व्यवहार, संदेश किंवा कॉलचे तपशील असे काही आहे का, याचे उत्तर वकिलाकडून स्पष्ट मागावे.

व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणात कलम ३७ आडवे येते. सरकारी वकिलांचा विरोध असल्यास, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करण्याची शक्यता नाही, या दोन्हींबाबत न्यायालयाचे समाधान झाले तरच जामीन मिळतो. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला तर या अटी असूनही दिलासा मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद मुस्लिम प्रकरणात २०२३ मध्ये सांगितले. अशा प्रकरणांत दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांची असते. पहिल्या रिमांडची तारीख वहीत लिहून ठेवावी. मुदत संपूनही दोषारोपपत्र आले नाही आणि न्यायालयाने मुदतवाढही दिली नाही, तर या कारणावरून हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा अर्ज त्याच दिवशी दाखल करावा, कारण आधी दोषारोपपत्र दाखल झाले तर तो हक्क हातचा जातो. वकिलाची फी परवडत नसेल तर थांबू नये. कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आरोप केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल आणि व्यक्ती खरोखर व्यसनाधीन असेल, तर कलम ६४अ विसरू नये. मला तर या कायद्यातील हे सर्वांत माणुसकीचे आणि सर्वांत कमी वापरले जाणारे कलम वाटते. सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यावर या गुन्ह्यांसाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते, म्हणून केंद्र मान्यताप्राप्त आहे याची खातरजमा करून दाखल केल्याची पावती, उपस्थितीच्या नोंदी आणि डॉक्टरांची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत. अशा केंद्रांची माहिती १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते.