ताटीपाशी बसताना: मनात धरलेल्या रागाचं ध्यान कसं करावं

आईच्या तेराव्याला दादा भरल्या पंगतीत म्हणाला, "तू आलीसच किती वेळा?" माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. ते तिथेच खाली ठेवलं आणि पुढे दीड वर्ष त्याच्याशी बोलले नाही. त्या दीड वर्षात मी रोज ध्यानाला बसायचे. डोळे मिटले की श्वास राहायचा बाजूला आणि दादाला द्यायची उत्तरंच जुळवत बसायचे. नुसत्या शांत बसण्याने माझी गाठ सुटली नाही. ती सैल व्हायला लागली ती ताटीमुळे.

गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कानावरची आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत गेले आणि ताटी लावून बसले. मुक्ताबाई बाहेरून विनवत राहिली, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा." परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म 1275चा, मुक्ताबाईचा 1279चा, आणि ज्ञानेश्वरांची समाधी 1296ची. म्हणजे रुसून बसलेला भाऊ विशी-एकविशीच्या आतला आणि समजूत घालणारी बहीण त्याहून चार वर्षांनी लहान. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ज्ञानेश्वरांनाही बोलणं लागलं. लागलं याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

आता ध्यानाची रीत सांगते.

आधी एक ओळ लिहा. वहीत, हाताने. "दादा स्वार्थी आहे" हा निकाल झाला, तो लिहू नका. "दादाने तेराव्याला चारचौघांत मला बोलून दाखवलं" ही घडलेली गोष्ट, ती लिहा. एका बैठकीला एकच प्रसंग घ्या. सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडलात तर मन वकिली करायला लागतं.

मग बसा. मांडी घालून, खुर्चीवर, कसंही. पाठ ताठ असली की पुरे. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. असे वीस श्वास, साधारण साडेतीन मिनिटं.

ताटी डोळ्यांपुढे आणा. इथे घाई करू नका, सगळं काम इथेच आहे. ताटी म्हणजे सागवानी दरवाजा नव्हे. बांबूच्या कामट्या, गवत, काटक्या बांधून केलेलं झोपडीचं दार. मनातल्या मनात त्यावर हात फिरवा. कुसळ बोटाला टोचेल. पायाखाली सारवलेली जमीन आहे, तिचा गारवा घ्या. कामट्यांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा आत आल्यात, त्या बघा. ताटी लावली तरी आत पुरता अंधार होत नाही आणि बाहेरचा आवाज तर स्पष्ट ऐकू येतो. आपण अबोला धरतो तेव्हाही असंच असतं. बोलत नसतो, पण कान तिकडेच असतात.

आता स्वतःला विचारा, मी कुठे आहे? आत की बाहेर? उत्तर ठरवू नका, चित्रात दिसेल ते घ्या. मी धाकटी बहीण, म्हणून मी स्वतःला मुक्ताबाईच्या जागी धरून चालले होते. समजूतदार, दाराबाहेर उभी. चौथ्या की पाचव्या दिवशी लक्षात आलं की उजेडाच्या रेघा माझ्या अंगावर पडल्यात. आत मीच होते. त्या दिवशी मी खूप रडले. रडू आलं तर येऊ द्या, बैठक बिघडत नाही.

बाहेरचा आवाज ऐका. मुक्ताबाई काय करते ते नीट पाहा. ती भावाला दटावत नाही, लोकांची बाजूही घेत नाही. "विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी" असं सांगून तो कोण आहे याची त्याला आठवण करून देते. तुमच्या ताटीबाहेर असा कुणाचा आवाज येतो? आजोबांचा, बाईंचा, मैत्रिणीचा, कदाचित देवाचा. मला आईचा आला, तोही अगदी रोजच्यासारखा, "चहा निवतोय, आधी तो पी." संवाद रचायला जाऊ नका. एक वाक्य आलं तरी खूप, काहीच आलं नाही तर तसेच बसून राहा.

ताटी ढकलू नका. बोटभर सरकली तर सरकू द्या. उठल्यावर वहीतल्या ओळीखाली काय दिसलं ते दोन शब्दांत लिहा. दहा-बारा दिवसांनी मागची पानं चाळा. वरची ओळ बदललेली असते. माझी झाली होती, "आईजवळ मी पुरेशी नव्हते याचं मला दुःख आहे." दादाने बोट ठेवलं ते नेमकं तिथे.

प्रत्येक दुखण्याला ताटी चालेल असं नाही. घरात आजारी माणसाचं करता करता थकलेल्यांना मी पुंडलिकाची वीट सुचवते. आईबापांची सेवा चालली होती म्हणून त्याने देवालाही विटेवर थांबवलं. मग सगळ्यांच्या सगळ्या अपेक्षांना आपणही "जरा थांबा" म्हणू शकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. समोरचा माणूस मारहाण करणारा, छळणारा असेल तर ताटी लावलेलीच बरी. तिथे ध्यानाआधी मदत मागा. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. प्रतीक औषधाची जागा घेत नाही.

शेवटी हाताने काहीतरी छोटं करा. क्षमेचं मोठं पत्र नको. मी दादाला फोन लावला आणि एवढंच विचारलं, "आईच्या तुळशीला पाणी कोण घालतं?"

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी घालते. पण कुंडी तडकलीय. रविवारी बदलायचीय, येतेस का?"

गेले. दोघांनी मिळून माती भरली. तेराव्याचा विषय अजून निघालेला नाही.