काप्वा शिकायचं तर शेवगा निवडायला बसा

फिलिपिनो तत्त्वज्ञान समजून घ्यायचं असेल, तर पुस्तक उघडण्याआधी एक सर्वनाम कानात बसवा. टागालोग या तिथल्या मुख्य भाषेत ‘तायो’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक घोकावा लागतो, मराठी माणसाला तो बाळकडूतच मिळालेला असतो. जेवणाऱ्याच्या जवळून गेलात की तो म्हणेल, ‘काइन तायो’. चला, आपण जेवू या. समोरच्याला ‘आपण’मध्ये धरणं, इथूनच ‘काप्वा’ सुरू होतं. कोशात त्याचा अर्थ ‘इतर’ असा दिसेल, तो बाजूला ठेवा. फिलिपिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ व्हिर्हिलियो एन्रिकेझ १९७०च्या दशकापासून हेच मांडत होते की काप्वात मी आणि दुसरा, दोघंही असतात.

मग जीपनीत, म्हणजे तिथल्या जीपसारख्या लांब प्रवासी गाडीत बसा, अगदी मागच्या दाराशी. ‘बायाद पो’ (हे भाडं; ‘पो’ आदरासाठी) म्हणून पैसे पुढे द्या. नाणी अनोळखी हातांतून चालकापर्यंत जातात आणि सुट्टे त्याच हातांतून परत येतात. गर्दीतून वाट काढताना ‘माकिकिराआन पो’ म्हणा. तुमच्या वाटेत मलाही सामावून घ्या, असा भाव त्या ‘माकि’त आहे. मला हा शब्द फार आवडतो.

आता लोकांशी बोलणं. इथे मी चुकले होते. मनिलालगतच्या केसोन सिटीत राहायला आल्यावर छापील प्रश्नावली घेऊन गल्लीतल्या सारी-सारी, म्हणजे छोट्या किराणा दुकानाच्या जाळीसमोर उभी राहिले. दुकानातल्या आते (म्हणजे ताई) प्रत्येक प्रश्नाला हसून ‘ओके लांग’ (ठीकच आहे) म्हणाल्या. आठवड्याने कागद घरी ठेवून गेले. त्या तिनोलासाठी (कोंबडीच्या रश्शासाठी) शेवग्याचा पाला निवडत होत्या. मीही मांडी घालून काड्या ओरबाडू लागले. आधी त्यांनीच विचारलं: मुलं किती, घरभाडं किती, सासूबाई कुठे असतात? सगळं खरं सांगा. ‘पाग्तातानोंग-तानोंग’ या तिथल्या संशोधनपद्धतीत आपण विचारतो तेवढं समोरच्यालाही विचारता येतं.

तासाभराने त्यांनी उधारीची वही दाखवली. म्हणाल्या, यातलं फिटतं. पण नवरा आजारी असताना शेजारणीने दोन रात्री मुलं सांभाळली, ते इथे लिहिता येत नाही. ‘उतांग ना लोओब’ मला त्या दिवशी कळलं. उतांग म्हणजे ऋण, लोओब म्हणजे आतलं, अंतःकरण.

यानंतर पुस्तकांकडे वळा. लिओनार्दो मर्कादो यांनी १९७४मध्ये टागालोग ‘लोओब’ आणि तिथल्याच इतर भाषांतले शब्द, सेबुआनो ‘बुओत’ आणि इलोकानो ‘नाकेम’, शेजारी ठेवून, लोकांच्या बोलण्यातूनच त्यांचा विचार शोधला. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात रोक फेरिओल्स १९६९पासून तत्त्वज्ञान फिलिपिनोत शिकवू लागले, तेही वाचा. फक्त संस्कृतातून तिकडे गेलेल्या शब्दांना आपला अर्थ लावू नका. तिथे ‘बुधी’ म्हणजे सदसद्विवेक, आणि ‘दुखा’ म्हणजे गरिबीने गांजलेला माणूस.