कुळागरातील उदमांजराचा माग कसा काढावा

गोव्यातील फोंडा, सत्तरी, सांगे किंवा काणकोण भागातील जुन्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीत, उदमांजराचा वावर बहुधा असतोच. मात्र अंधार पडल्यावर बाहेर पडून उजाडण्यापूर्वी ते ढोलीत, वेलींच्या जाळीत किंवा कौलारू घराच्या माळ्यावर परतत असल्याने वर्षानुवर्षे शेजारी राहूनही सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते पाहायचे असेल तर बॅटरी घेऊन रात्री हिंडण्याआधी सकाळी त्याची विष्ठा शोधावी, असे माझे ठाम मत आहे. त्याची वाट कोणती आणि त्याला सध्या कोणते फळ मिळते आहे, या दोन्ही गोष्टी तिच्यातूनच कळतात.

उदमांजर उघड्या आणि थोड्या उंच जागी विष्ठा टाकते. जांभ्या दगडाची गडग (कुंपणाची बुटकी भिंत), आडवे पडलेले खोड, कातळ, क्वचित घराचे छप्परही पाहावे. भेरली माडाची (ताडाच्या कुळातील एका झाडाची) फळे पिकलेली असतील तर या विष्ठेत जवळजवळ नुसत्या बियाच असतात: काळसर, टणक, बहुधा एका बाजूने सपाट, कोठेही न चावलेल्या आणि थोड्याशा चिकट गराने एकमेकींना धरून राहिलेल्या. या फळाच्या गरातील सूक्ष्म स्फटिकांमुळे माणसाच्या हाताला खाज सुटते, तरीही उदमांजर ते आवडीने खाते आणि बिया दूरवर नेऊन टाकते. कोणीही न लावलेले भेरली माड बागेच्या कडेला उगवतात, त्याचे बरेचसे श्रेय या प्राण्याला द्यायला हवे. बियांखेरीज उंदरांचे केस आणि कीटकांची कवचेही विष्ठेत सापडतात. विष्ठेत परजीवींची अंडी असू शकतात, म्हणून ती काडीनेच उकलावी.

पाटाच्या कडेला ओल्या मातीत पाऊल उमटले असेल तर बोटे मोजावीत. मांजराची चार उमटतात, उदमांजराची पाच.

बिया ज्या झाडाच्या असतील, त्या झाडापासून काही अंतरावर दिवेलागणीपूर्वीच बसावे. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा आणि झोत थेट डोळ्यांवर रोखू नये. फळे खाली पडल्याचा आवाज आला की आधी फांद्यांच्या बेचक्यांकडे पाहावे. राखाडी अंग, पाठीवर तीन गडद पट्टे, चेहऱ्यावर काळा मुखवटा आणि कडी नसलेली लांब शेपटी दिसली तर ते उदमांजर. शेपटीवर काळी-पांढरी कडी असून प्राणी जमिनीवर फिरत असेल तर ते जवादी मांजर समजावे. मोले किंवा नेत्रावळीसारख्या जंगलांच्या परिसरात एकसारख्या तपकिरी रंगाचे, मुखवटा नसलेले जनावर दिसल्यास अधिक बारकाईने पाहावे, कारण ते केवळ पश्चिम घाटात आढळणारे तपकिरी उदमांजर असू शकते. जवळून दिसावे म्हणून केळी टाकून ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने प्राणी घराला सरावतो आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडतो.

माळ्यावर वावर असल्यास फट घाईने बुजवू नये. मादीला एका वेळी दोन ते पाच पिल्ले होतात आणि ती आत अडकली तर उपाशी मरतात. पिल्ले आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत थांबावे आणि माळा रिकामा असल्याची रात्री खात्री करून मगच कौले नीट बसवावीत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार या प्राण्याला पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. तो जखमी आढळल्यास वन खात्याला कळवावे.