बर्मिंगहॅममध्ये कौन्सिलसाठी मतदान कसे करावे

‘पासपोर्ट भारताचा, मग इथल्या निवडणुकीशी आपला काय संबंध?’ असे म्हणून बरेच जण मे महिन्यातला मतदानाचा गुरुवार सोडून देतात. संबंध आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे रीतसर व्हिसावर इथे राहणाऱ्या, 18 वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या महापालिकेसाठी, मत देता येते, अगदी स्टुडंट व्हिसावर असला तरी.

आधी मतदार यादीत नाव घाला. गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर पाचेक मिनिटांचे काम आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-कराच्या नोंदीचा सरकारी क्रमांक) हाताशी ठेवा. मुदत मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी संपते. त्यात शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत.

मग ओळखपत्र. मे 2023 पासून फोटो असलेले ओळखपत्र लागते आणि आपली खरी अडचण इथेच होते. आधार चालत नाही, भारतातले लायसन्सही नाही. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोत तुम्ही ओळखू आलात की झाले. लग्नानंतर यादीत नवे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, असा प्रकार असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्या. चालण्यासारखे काहीच नसेल तर मतदानासाठीचे मोफत ओळखपत्र मिळते. त्याचा अर्ज सहा कामकाजी दिवस आधी, संध्याकाळी 5 पर्यंत.

मत कोणाला, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण दारावर आलेल्या उमेदवाराला कचऱ्याचे विचारा. सप्टेंबर 2023 मध्ये या कौन्सिलने तिजोरीत खडखडाट असल्याचे जाहीर केले आणि 2025 च्या कचरा कामगारांच्या संपात रस्तोरस्ती काळ्या पिशव्यांचे ढीग साचले. व्हिसा, पोलीस हे विषय नगरसेवकाच्या हातातले नाहीत, त्यावर वेळ घालवू नका.

मतदान सकाळी 7 ते रात्री 10, म्हणजे ऑफिस सुटल्यावरही जमते. केंद्र कोणते ते मतदानाआधी घरी येणाऱ्या पोल कार्डावर छापलेले असते; कार्ड घरी राहिले तरी बिघडत नाही. मशीन नाही, शाई नाही. कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल, नावापुढे फुली.

फुली मारण्याआधी मतपत्रिकेवरची सूचना वाचा. शहरात 69 वॉर्ड आणि 101 जागा आहेत, त्यामुळे काही वॉर्डांत दोन नगरसेवक निवडायचे असतात. तिथे दोन फुल्या चालतात, एकही चालते, तीन मारल्या तर मत बाद. सेल्फीची हौस असेल तर ती बाहेर येऊन भागवा.