पेटंट अर्ज वाचून उद्याच्या घरगुती उपकरणांचा अंदाज कसा बांधावा

अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांना १९३० साली फ्रिजचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात हलणारा एकही यांत्रिक भाग नव्हता. तो फ्रिज कधीच बाजारात आला नाही. उलट पर्सी स्पेन्सर यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये मायक्रोवेव्हने अन्न तापवण्याच्या पद्धतीसाठी अर्ज केला, १९५० मध्ये पेटंट मिळाले, आणि टेबलावर मावणारा घरगुती मायक्रोवेव्ह खपू लागायला १९६७ उजाडले. म्हणजे पेटंट ही वस्तू येणार असल्याची ग्वाही नव्हे. कोणता अडलेला प्रश्न सोडवायला कोण पैसा आणि माणसे लावत आहे, याची ती नोंद असते. तशी ती वाचली तर अंदाज बऱ्यापैकी जमतो.

पायरी १ : योग्य शब्दांनी शोधा

गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप हे तिन्ही फुकट आहेत. सुरुवात कुठूनही करा, पण रोजच्या भाषेतले शब्द टाकू नका. पेटंट लिहिणारे वकील वॉशिंग मशीनला ‘लाँड्री ट्रीटिंग अप्लायन्स’ म्हणतात, रोबो झाडूला ‘ऑटोनॉमस क्लीनिंग डिव्हाइस’. नेहमीच्या नावाने शोधले की निम्मे हाती लागत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वर्गीकरणाचे संकेतांक, म्हणजे पेटंट कार्यालयांनी प्रत्येक विषयाला दिलेले क्रमांक. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत टाकायचे, पण लक्षात ठेवायला सोपे आहेत : कपडे धुणे-वाळवणे डी०६एफ, फ्रिज एफ२५डी, भांडी धुण्याचे यंत्र ए४७एल १५, व्हॅक्यूम क्लीनर आणि फरशी साफ करणारी यंत्रे ए४७एल ९ आणि ११, स्वयंपाकाची उपकरणे ए४७जे, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एच०५बी ६. संकेतांक, त्याला जोडून एक-दोन तांत्रिक शब्द आणि गेल्या तीन वर्षांची मर्यादा एवढे टाकले की यादी वाचण्याजोगी होते.

अर्जदाराच्या नावावरून शोधताना फसगत होते, कारण मोठ्या कंपन्या उपकंपन्यांच्या नावाने अर्ज करतात. अशा वेळी एका चांगल्या अर्जातल्या संशोधकांची नावे घ्या आणि त्यांचे इतर अर्ज पाहा. तीच चार-पाच माणसे तीन वर्षे एकाच विषयावर अर्ज करत असतील, तर तिथे पक्का गट कामाला लागलेला आहे.

पायरी २ : तारखा लावून घ्या

पहिल्या पानावर कंसातले छोटे आकडे असतात. २२ म्हणजे अर्जाची तारीख, ३० म्हणजे अग्रक्रमाची तारीख, ४३ म्हणजे प्रसिद्धीची, ७१ अर्जदार, ७२ संशोधक. यात सर्वांत मोलाची ३० क्रमांकाची, कारण त्या शोधासाठी सर्वांत पहिला अर्ज कधी केला हे ती सांगते. बहुतेक देशांत अर्ज अग्रक्रमाच्या तारखेपासून १८ महिन्यांनी उघड होतो. म्हणजे आज ‘ताजा’ दिसणारा अर्ज किमान दीड वर्षापूर्वीचा विचार आहे. जुन्याच शोधाचा पुढचा भाग म्हणून केलेले अर्ज तर आठ-दहा वर्षांपूर्वीच्या अग्रक्रमाचे असू शकतात, आणि बातम्यांत तेच नवे म्हणून फिरतात.

क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही पाहा. ‘ए’ असेल तर तो प्रसिद्ध झालेला अर्ज. युरोप-अमेरिकेच्या कागदांवर ‘बी’ असेल तर ते मंजूर पेटंट. चिनी कागदांवरचे ‘यू’ म्हणजे युटिलिटी मॉडेल, पेटंटपेक्षा हलका हक्क. त्याची नवेपणाची कसून तपासणी होत नाही, म्हणून त्यांची नुसती संख्या मोजून लाट आली असे म्हणू नका.

पायरी ३ : चित्रे बाजूला ठेवा, दावे वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चित्रात चाके, हात, पडदा, कॅमेरा काहीही असू शकते, वर्णनात ‘काही रूपांत’ म्हणून वाटेल ते जोडलेले असते. हक्क मात्र फक्त दाव्यांतल्या गोष्टींवर मागितलेला असतो. म्हणून आधी पहिला दावा काढा आणि सावकाश वाचा. युरोपीय धाटणीच्या दाव्यात एक सोय असते : ‘ज्याचे वैशिष्ट्य असे की’ या अर्थाच्या शब्दांआधीचे सगळे जुने, नंतरचे नवे.

नमुन्यासाठी रचलेला एक दावा पाहू : ‘फिरता ड्रम, त्यात हवा खेळवणारा पंखा आणि हीट पंप असलेले कपडे वाळवण्याचे यंत्र, ज्याचे वैशिष्ट्य असे की थंड कॉइलवर साचलेले तंतू कपड्यांतून निघालेल्या पाण्यानेच प्रत्येक वाळवणीनंतर धुतले जातात.’ ड्रम, पंखा, हीट पंप (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेऊन पुन्हा वापरणारी यंत्रणा) हे सगळे आधीचे. नवे आहे ते तंतू धुणे. म्हणजे खरा अडथळा होता कॉइल तंतूंनी बुजण्याचा. कॉइल बुजली की हवा कमी फिरते, वाळायला वेळ लागतो आणि वीज जास्त जाते. यावरून करायचा अंदाज ‘नवे ड्रायर येणार’ हा नव्हे, तर ‘हाताने साफ करण्याचे काम कमी होणार’ हा आहे. तो छोटा वाटतो, पण बरोबर ठरण्याची शक्यता कितीतरी जास्त.

दाव्यात आकडे आहेत का, हेही बघा. ‘तापमान ४० ते ५५ अंश, फट ०.२ ते ०.५ मिलिमीटर’ अशी भाषा आली की कोणीतरी प्रयोगशाळेत यंत्र चालवून पाहिले आहे असे समजायला हरकत नाही. वर्णनात तुलनेचे तक्ते असतील तर आणखी चांगले. आकडे नसलेला, सगळे जग कवेत घेणारा दावा बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातला असतो.

यानंतर शोध अहवाल उघडा, म्हणजे पेटंट कार्यालयाने त्या विषयावरचे जुने कागद शोधून केलेली यादी. त्यात जुन्या कागदांसमोर अक्षरे असतात. ‘एक्स’ म्हणजे तो एकटा जुना कागदच दाव्याचे नवेपण किंवा कल्पकता खोडायला पुरेसा आहे. ‘वाय’ म्हणजे दुसऱ्या कागदाशी जोडून खोडतो. ‘ए’ म्हणजे नुसती पार्श्वभूमी. पहिल्या दाव्यासमोर दोन-तीन ‘एक्स’ असतील तर तो दावा जसाच्या तसा टिकणे कठीण.

पायरी ४ : खर्च कुठे चालला आहे ते बघा

एका देशात अर्ज करणे सोपे असते. तोच शोध आठ-दहा देशांत नेणे, भाषांतरे करणे, वकील लावणे महाग पडते. म्हणून पेटंटचे कुटुंब, म्हणजे एकाच शोधाचे निरनिराळ्या देशांतले अर्ज तपासा, एस्पेसनेटवर ते एका क्लिकवर दिसते. अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज केला असेल तर अग्रक्रमापासून साधारण ३० महिन्यांत एकेका देशात प्रवेश करावा लागतो. तिथे कंपनीला खिशात हात घालावाच लागतो आणि हेतू उघडा पडतो. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. ती भरली नाही तर तो शोध कंपनीच्या मनातून उतरला असे धरा.

पायरी ५ : निसर्गनियमांशी ताडून पाहा

कपडे वाळवण्याचे उदाहरण घ्या. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. सात किलो कपड्यांत पिळल्यानंतर चार किलो पाणी उरले असेल तर अडीच युनिट फक्त वाफेसाठी. हीट पंप त्याहून कमी विजेत भागवतो, कारण वाफेचे पुन्हा पाणी होताना सुटलेली उष्णता तो परत वापरतो. मग एखादा अर्ज याहूनही मोठी बचत सांगत असेल तर विचारायचे : वाफच टाळली आहे का? अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने हेच केले. तिथे पायझोइलेक्ट्रिक (वीज दिली की थरथरणाऱ्या) चकत्यांच्या अतिवेगवान कंपनाने पाणी तुषारांच्या रूपात कापडातून झटकले जाते, त्यामुळे वाफेचा हिशेब लागूच होत नाही. कल्पना भक्कम आहे. अडचण अशी की कापड चकतीला टेकलेले असावे लागते, आणि ड्रममध्ये कपड्यांचा गोळा होतो. म्हणून या विषयात ‘कंपन कसे निर्माण करावे’ यापेक्षा ‘कापड चकतीला कसे टेकवावे’ यावरचे अर्ज शोधा. ते वाढू लागले की वस्तू जवळ आली.

चुंबकीय फ्रिजचेही तसेच. चुंबकीय क्षेत्रात नेले की गॅडोलिनियमसारखा धातू तापतो, बाहेर काढला की थंड होतो. पण कायम चुंबकाच्या क्षेत्रात हा फरक दोन-चार अंशांचाच पडतो आणि फ्रिजला तीस अंशांच्या वर लागतो. म्हणून तोच फरक थरांथरांतून साठवत न्यावा लागतो. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात हायर, बीएएसएफ आणि अ‍ॅस्ट्रोनॉटिक्स यांनी या तत्त्वावरचा नमुना मांडला तो वाइन थंड ठेवण्याच्या कपाटाचा. तिथे तापमानातला फरक कमी लागतो, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. स्वस्त, टिकाऊ कॉम्प्रेसरशी सामना असल्याने हे तंत्र आधी अशा छोट्या कपाटांत येईल, फ्रीझरमध्ये सर्वांत शेवटी.

कपड्यांच्या घड्या घालणारे यंत्र मात्र अवघड वर्गात ठेवा. मऊ, आकार बदलणारे कापड ओळखून पकडणे यंत्राला जड जाते. लाँड्रॉइड बनवणारी जपानी कंपनी सेव्हन ड्रीमर्स २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पायरी ६ : बाजाराजवळच्या खुणा

पेटंट दूरचे दाखवते, डिझाइन नोंदणी (वस्तूच्या बाह्य रूपावरचा हक्क) जवळचे. डिझाइनच्या लोकार्नो वर्गीकरणात १५-०५ धुण्या-वाळवण्याच्या यंत्रांसाठी, १५-०७ थंड करण्याच्या यंत्रांसाठी आणि ०७-०२ स्वयंपाकाच्या उपकरणांसाठी आहे. तिथे बटणे, झाकण, कडी असा शेवटचा आकार दिसतो. प्रसिद्धी ३० महिन्यांपर्यंत लांबवता येते, हे मात्र ध्यानात ठेवा. ट्रेडमार्कमध्ये वर्ग ७ (यंत्रे) आणि ११ (तापवण्या-थंड करण्याची उपकरणे) पाहा. वापराआधीच नाव राखून ठेवता येते, त्यामुळे नुसत्या नावावर भरवसा नको. त्याच कंपनीचे पेटंट, डिझाइन आणि नाव वर्षभराच्या आत जुळून आले तर मात्र अंदाज धीटपणे करा.

कधीकधी उपकरण कंपन्यांच्या जुटीचे मानकही वाट दाखवते. वायरलेस पॉवर कन्सोर्टियमच्या ‘की’ मानकात मिक्सर-किटलीसारखी उपकरणे वायरशिवाय २२०० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतात. अनेक कंपन्यांनी मिळून मानक ठरवले की त्याच्या आसपासचे अर्ज हवेतले राहत नाहीत.

पायरी ७ : अंदाज लिहून ठेवा

एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक अंदाजासाठी पाच रकाने करा : अर्जाचा क्रमांक, अग्रक्रमाची तारीख, सोडवलेला नेमका प्रश्न, तीन वर्षांत येण्याची शक्यता टक्क्यांत, आणि काय दिसले तर मत बदलेल. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर अंदाज अजून मोघम आहे, पुन्हा दावा वाचा. दर सहा महिन्यांनी कुटुंब आणि फीची स्थिती पाहा. आंतरराष्ट्रीय अर्जाचे ३० महिने उलटून गेले आणि आणखी तीन-चार महिन्यांनीही कुठल्याच देशात प्रवेश दिसत नसेल, तर त्या ओळीवर काट मारा आणि तारीख टाका.