मोठ्या लॉ फर्ममध्ये आहात? मग सुट्टी अशी घ्या

दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेलेले, गुहागरजवळ. घरात आरती चालू आणि मी मागच्या पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर शेअर परचेस अ‍ॅग्रीमेंटचा (एसपीए, म्हणजे शेअर खरेदीचा करार) मार्कअप, म्हणजे दुरुस्त्या केलेला मसुदा, पाठवत बसलेले, नेटवर्क एक काडी. आई मोदकाची ताटली शेजारी ठेवून काही न बोलता आत गेली. रेकॉर्डला ते चार दिवस सुट्टी म्हणूनच लागलेत. परत आल्यावर महिनाभर साधा ईमेल उघडायचा म्हटलं तरी छातीत धडधडायचं. म्हणून हे लिहितेय, लोअर परळ, नरिमन पॉइंट, बीकेसीत रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या पोरापोरींसाठी.

आधी तुमचं नेमणुकीचं लेटर काढून वाचा. बऱ्याच फर्ममध्ये असोसिएट, म्हणजे पार्टनरच्या हाताखालचा वकील, पगारी नोकर नसतो, रिटेनर असतो, महिन्याला प्रोफेशनल फी मिळते, त्यामुळे सुट्ट्या किती आणि उरलेल्या पुढे जातात का हे सगळं त्या लेटरवर नाहीतर फर्मच्या पॉलिसीवर. एचआरकडून बॅलन्स मेलवर मागवून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

मग तारखा. कॉर्पोरेटवाल्यांनी मार्चएंड आणि ख्रिसमसच्या आधीचे आठवडे सोडा, सगळ्यांना डीलचं क्लोजिंग तेव्हाच हवं असतं. लिटिगेशनवाले, म्हणजे कोर्टाची कामं करणारे, म्हणतात आम्हाला काय, मे महिन्यात हायकोर्ट बंद! पण सीनियर कौन्सेल तेव्हाच मोकळे असतात म्हणून आर्बिट्रेशनची (लवादाची) हिअरिंग्ज नेमकी तेव्हाच लागतात, वर सुट्टीतही चालणाऱ्या व्हेकेशन कोर्टात अर्जंट मॅटर (प्रकरण) येतंच, तेव्हा कोर्टाची सुट्टी ती आपली सुट्टी असं धरू नका, वेगळी मागा. आणि "हे डील संपलं की जाईन" हे तर विसराच, दुसरं डील तयारच असतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी तिकीट काढा आणि त्याच दिवशी पार्टनरला मेल टाका. दोन महिने आधी कळवलेल्या सुट्टीला नाही म्हणणं जड जातं.

अजून एक विचारून घ्या, क्लायंटला बिल करायच्या तासांच्या टार्गेटमधून सुट्टीचे दिवस वजा होणार का. सहा-सहा मिनिटांचा हिशोब टाइमशीटमध्ये भरायचा आणि सुट्टीचे तास आधीचे-नंतरचे वीकेंड घालून भरून काढायचे, याला मी सुट्टी म्हणत नाही. अमेरिकेत ऑरिक नावाच्या फर्मने 2021 मध्ये पूर्ण डिस्कनेक्ट होऊन घेतलेल्या सुट्टीचे 40 तास बोनसच्या तासांत धरायचं जाहीर केलं होतं, म्हणजे मनात आणलं तर होतं.

आता खरा मुद्दा, हँडओव्हर. माझी सुट्टी मोडली ती इथे. मी लिहिलं होतं, "एसपीए चालू आहे". यावरून कुणाला काय कळणार? लिहायचं असं: "व्हर्जन 7 आपल्याकडून गेलंय, इंडेम्निटीच्या कॅपवर (भरपाईच्या कमाल मर्यादेवर) समोरच्यांचं उत्तर बाकी, गुरुवारपर्यंत नाही आलं तर रिमाइंडर, कॅप बदला म्हणाले तर पार्टनरला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, ड्राफ्ट अमुक फोल्डरमध्ये." प्रत्येक मॅटरला असं, आणि प्रत्येक मॅटरला एकाच माणसाचं नाव. "टीम बघेल" लिहिलंत की कुणीच बघत नाही, फोन तुम्हालाच येतो. निघायच्या आठवड्यात त्या माणसाला क्लायंटच्या कॉलवर घ्या, त्याचा आवाज क्लायंटच्या ओळखीचा होऊ दे. तो माणूस सुट्टीवर जाईल तेव्हा त्याची मॅटर्स तुम्ही तेवढ्याच मनापासून सांभाळा, नाहीतर पुढच्या वेळी कोण उभं राहणार?

ऑटो रिप्लायमध्ये "अधूनमधून मेल बघेन" लिहू नका, ते आमंत्रणच असतं. ऑफिसचं मेल अ‍ॅप फोनमधून काढूनच टाका, म्यूट करून भागत नाही, हात जातोच. खरंच आग लागली तर फोन करायचा, आणि करायचा की नाही हे एकाच माणसाने ठरवायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, त्यात तीन गोष्टी आहेत: अंगातली शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. आठवडाभर खरी सुट्टी घेऊनही हे तसंच असेल तर अजून चार दिवस वाढवून काही होणार नाही, मॅटर्स कमी करून मागा आणि डॉक्टरला भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि परत येताना रविवारी रात्री घरी पोचून सोमवारी नऊच्या कॉलला बसू नका. शनिवारी या. सोमवारी बारापर्यंतचं कॅलेंडर आधीच ब्लॉक करून ठेवा, पहिल्यांदा ज्याला मॅटर्स दिली होती त्याच्यासोबत चहाला खाली उतरा, मेल नंतर उघडा.